दोन फोटोंच्या मधलं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवर पानभर मजकूर आला होता. वर दोन फोटो. डावीकडे ११८ किलोच्या एक बाई, उजवीकडे त्याच बाई ७१ किलोच्या. मी सांगलीत विश्रामबागेत लेडीज टेलरिंग करते, त्यामुळे माझी नजर आधी कपड्यांवर गेली. डावीकडे आडव्या पट्ट्यांचा, खांद्यावरून ओघळलेला कुर्ता. उजवीकडे प्रिन्सेस कटचा, कमरेत बसवलेला, गडद रंगाचा. पहिल्या फोटोत बाई समोरून ताठ उभ्या, दुसऱ्यात किंचित वळून, हात कमरेवर. नुसत्या शिलाईने आणि उभं राहण्याच्या ढबीने कुणाचेही चार-पाच किलो मी दिसायला उतरवून देते. पण बाकीचे चाळीस खरेच उतरले असणार, आणि त्याबद्दल त्या बाईंचं मनापासून अभिनंदन. माझी तक्रार दोन फोटोंच्या मधल्या पांढऱ्या पट्टीबद्दल आहे. त्या पट्टीत निदान वर्ष-दीड वर्ष दडलेलं आहे. त्या काळात त्यांचं वजन किती वेळा जागचं हललं नाही, तेव्हा त्यांनी काय केलं, यावर पानभर मजकुरात एक ओळ नाही.

माझीही शस्त्रक्रिया झाली आहे, पुण्यात, गेल्या वर्षी शिमग्यानंतर. वय ४९, उंची पाच फूट दोन इंच, वजन ११२. दहा वर्षांचा मधुमेह, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, झोपेत श्वास अडकायचा. गिऱ्हाइकाच्या घेराचं माप घ्यायला वाकले की धाप मलाच लागायची. माझी ‘स्लीव्ह’ झाली, म्हणजे जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्तच काढून टाकतात आणि उभी अरुंद नळी ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून पोट लहान होण्याबरोबर भूकही मरते, निदान पहिले काही महिने. हे सगळं डॉक्टरांनी चित्र काढून नीट समजावलं. गळती, रक्तस्राव, गुठळी यांचे धोके सांगितले, सह्या घेतल्या. वजन मध्येच थांबेल, आणि तेही एकदा नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. कुठल्या कागदावर लिहिलेलं असेल तर ते इंग्रजीत असेल.

पहिला थांबा तिसऱ्याच आठवड्यात आला. मुगाचं गाळलेलं कढण, पातळ ताक, प्रोटीनची पावडर, एवढ्यावर दिवस काढत होते आणि काटा १०४ वर अडून बसला. जाऊबाई म्हणाल्या, “आम्ही एकादशीला याच्यापेक्षा जास्त खातो, तरी आमचं उतरतं.” मी घाबरून डाएटिशियन मॅडमना फोन केला. त्या हसल्याच. म्हणाल्या, तिसऱ्या आठवड्यात असे फोन ठरलेले असतात. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. सुरुवातीच्या उपासमारीत तो साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा धडाधड खाली येतो. मग जरा खाणं सुरू झालं की शरीर पुन्हा पाणी धरतं. चरबी आतून जातच असते, पण वर पाणी आल्यामुळे काट्यावर दिसत नाही. आठ-दहा दिवसांत काटा आपोआप हलला. एवढीशी गोष्ट आधी कळली असती तर मी देवघरासमोर बसून रडले नसते.

खरा थांबा दिवाळीत आला. तोवर माझं वजन ८४ वर आलं होतं आणि ते संक्रांतीपर्यंत ८४ च राहिलं. कधी ८३.६, कधी ८४.५, पण ८४ सोडायला तयार नाही.

लेडीज टेलरची दिवाळी कशी असते हे आपल्या वाचक भगिनींना ठाऊक आहेच, कारण त्या स्वतःच रात्री दहा वाजता ब्लाऊज न्यायला येतात. सकाळपासून मशीनवर बसलेली, झोप चार-पाच तास, जेवणाला वेळ नाही. या शस्त्रक्रियेनंतर भाकरी-पिठलं दोन-चार घासांत गच्च बसतं, पुढचा घास छातीत अडतो. चिवड्याचं तसं नाही. चिवडा, शेव, बिस्कीट, गोड चहा हे सगळं सुरकन खाली उतरतं, त्या अरुंद नळीला कळतही नाही. ही शस्त्रक्रिया झालेल्यांच्या आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येक बाईचं हेच. पोट भरणारं अन्न त्रास देतं म्हणून मागे पडतं आणि त्रास न देणारं अन्न दिवसभर थोडं थोडं जात राहतं. यात जिभेच्या चोचल्यांपेक्षा नव्या पोटाची रचना जास्त कारणीभूत आहे, आणि हे आधी सांगितलं तर बायका सावध राहतील.

पण सगळा दोष चिवड्यावर टाकून चालणार नाही. ११२ किलोचं शरीर नुसतं बसून जेवढं जाळतं तेवढं ८४ किलोचं जाळत नाही. शिवाय वजन उतरलं की शरीर हिशेबापेक्षाही जास्त काटकसर करतं. माझी भाची मिरजेला नर्सिंग शिकते. मी रात्रीचं जेवण बंद करते म्हणाले तेव्हा तिने मला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला १९४४-४५ सालचा प्रयोग सांगितला. ३६ धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांची वजनं उतरली, पण शरीराचा विश्रांतीतला खर्च उतरलेल्या वजनाच्या मानाने जास्तच घटला. थंडी वाजायची, उत्साह गेला, डोक्यात दिवसभर अन्नच. “मावशी, तू जेवण बंद करशील तर शरीर अजून हात आखडेल, आणि जाईल ते स्नायूंचं जाईल,” असं ती म्हणाली. जेवण चालू ठेवलं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. दिवाळीला मी स्वतःसाठी ब्लाऊज कापला होता तेव्हाची मापं वहीत होती. संक्रांतीला पुन्हा टेप लावली. कंबर साडेअडतीसची छत्तीस झाली होती, दंड पाऊण इंचाने कमी. काट्यावर दोन्ही वेळा ८४. डॉक्टरांना वही दाखवली तर ते म्हणाले, हे पेशंटनी स्वतःहून करायला हवं, फार थोडे करतात. तेव्हापासून आमच्या गटात मी सगळ्यांना मापं घ्यायला लावते. महिन्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी, टेप न आवळता, कंबर बेंबीच्या पातळीवर. बहुतेक बायका कंबर साडी नेसतात तिथे मोजतात आणि टेप मागून खाली सरकलेली असते. ते माप काही कामाचं नाही. आणि हेही सांगते की टेपसुद्धा कायम दिलासा देत नाही. आता माझं वजन ७९ आहे, दोन-अडीच महिने झाले, आणि या खेपेला टेपही थांबली आहे.

(ज्यांची ही शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांच्यासाठी फुकटचा सल्ला: पहिल्या वर्षात पैठणीवरचे भारी ब्लाऊज शिवू नका. जुनेच आत घ्यायला टाका. मी आतून कितीही माया (शिवणीतलं जादा कापड) ठेवली तरी ती वाढणाऱ्या अंगासाठी असते. आटणाऱ्या अंगाला मुंढा आणि गळा दोन्ही नव्याने कापावे लागतात आणि तेवढं कापड उरत नाही.)

वजन थांबलं की घरचे काय बोलतात ते सगळ्यांकडे सारखंच असतं. “एवढे लाख घालून?” “पोट परत मोठं झालं असेल.” ती नळी काही वर्षांत थोडी सैल होते हे खरं, पण सात-आठ महिन्यांत वजन अडलं तर त्याचं कारण ते क्वचितच असतं, असं मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरच्यांचं बोलणं मी एका कानाने ऐकून सोडते. मला जास्त काळजी वाटते ती बोलत नाहीत त्यांची. आमचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. तासगाव, जत, कराड, बार्शी, कुठकुठल्या बायका आणि काही पुरुषही. रोज सकाळी काट्याचे फोटो येतात, टाळ्या वाजतात. ज्यांचं वजन थांबतं त्या फोटो टाकायच्या बंद होतात. मग बोलायच्या बंद होतात. मग एक दिवस “अमुक यांनी गट सोडला”. अशातल्या दोघी-तिघी मला खासगीत फोन करतात, तेव्हा कळतं की त्यांनी तपासणीलाही जाणं सोडलंय, कारण तिथे गेल्या गेल्या आधी काट्यावर उभं करतात. तपासणी सुटली की गोळ्या सुटतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे आता आम्हाला जन्मभर घ्यायचं आहे आणि रक्त तपासून त्याचं प्रमाण ठरवायचं आहे. वजन थांबलं म्हणून कुणाचा जीव जात नाही. पण एकीने वजन हलेना म्हणून खाणंच सोडलं होतं, त्यात उलट्या सुरू झाल्या आणि पायांना मुंग्या. उलट्या चालू आणि अन्न जात नाही अशा अवस्थेत ब-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांतसुद्धा आटू शकतं आणि मज्जातंतूंना, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिला वेळेत सुया मिळाल्या. ती लाजेपायी अजून महिनाभर घरी बसली असती तर?

माझ्यापुरतं काय केलं ते थोडक्यात लिहिते, उपदेश म्हणून नव्हे. ताटात आधी प्रथिनं: अंडं, पनीर, मोड आलेल्या मटकीची उसळ, बिनसाखरेचा चक्का. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम भरायला हवीत आणि ती नुसत्या वरणाने भरत नाहीत, हे शाकाहारी घरांना पचायला जड जातं. भाकरी शेवटी, राहिली जागा तर. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. नुसतं आमराईत चक्कर मारणं पुरेना, म्हणून फिजिओथेरपीवाल्या बाईंनी रबरी पट्ट्यांचे आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे व्यायाम दिले. थायरॉइड तपासला. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी एक वजन वाढवणाऱ्या जातीची होती, ती डॉक्टरांनी बदलली. (हे कुणी स्वतःहून करू नये.) लग्नसराईत रात्री अकरानंतर मशीन बंद, मग नवरीकडचे कितीही रुसोत. काटा आठवड्यातून एकदा, रविवारी. यातल्या नेमक्या कशाने ८४ चे ७९ झाले ते मला सांगता येणार नाही. कदाचित कशानेच नाही, ते व्हायचंच होतं.

कारण मुळात हा आलेखच तसा आहे, आणि तोच कुणी दाखवत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा शस्त्रक्रिया झालेल्या लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. सगळ्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत जास्त उतरलं, मग थांबलं, मग थोडं परत आलं. जठराची बायपास झालेल्यांचं सुरुवातीला शंभरातले ३२ किलो या हिशेबाने गेलं होतं, दहा वर्षांनी ते सरासरी २५ वर टिकलं. पोटाला पट्टा बसवलेल्यांचं १४ वर. ज्यांनी शस्त्रक्रिया केलीच नाही ते जवळजवळ होते तिथेच राहिले. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूही कमी झाले. माझ्यासारखी स्लीव्ह त्या अभ्यासात नव्हती, ती नंतर रूढ झाली, पण आलेखाचं वळण तेच. ११२ चे ७९ म्हणजे शंभरातले जवळजवळ तीस. म्हणजे मी चांगल्यापैकी पास झालेली विद्यार्थिनी आहे, आणि तरी तुमच्या पानावरच्या ७१ च्या फोटोपुढे नापास वाटते. ११८ चे ७१ म्हणजे शंभरातले चाळीस. तसंही होतं, पण तो वर्गातला पहिला नंबर आहे. जाहिरातीत पहिला नंबरच छापतात हे मला समजतं. पण ते जाहिरातीचं पान नव्हतं.

२०१७ मध्ये जगातली सर्वांत वजनदार बाई म्हणून गाजलेली इजिप्तची इमान अहमद मुंबईत उपचारांसाठी आणली होती, तेव्हाही सगळीकडे किलोंचेच आकडे होते, शेवटी आकड्यांवरून भांडणही झालं. त्याच वर्षी ती अबूधाबीत वारली. तिच्याबद्दल आज लोकांना काय आठवतं विचारा, वजनच सांगतील.

माझ्या रक्तातली तीन महिन्यांची साखर शस्त्रक्रियेआधी ९.४ होती. वजन ८४ वर अडलेलं असताना ती ६.१ आली. इन्सुलिन बंद, एकच गोळी. झोपेत लावायचं मशीन कपाटावर गेलं. मी पायमशीनवर बसू लागले, मोटर काढून ठेवली. याचा फोटो कसा काढणार?

आता काही मागण्या, कारण पत्र लिहायला बसले ते त्यासाठी. आपल्या वृत्तपत्राने असे लेख छापताना पाच वर्षांनंतरचा तिसरा फोटो मागावा. मिळत नसेल तर तसं लिहावं. रुग्णालयांनी सह्या घेण्याआधी तो आलेख मराठीत हातात द्यावा आणि थांब्याच्या जागा त्यावर खुणा करून दाखवाव्यात. आहाराचा तक्ता देताना किन्वा आणि ब्रोकोली लिहिण्याआधी पेशंट कुठल्या गावचा आहे ते विचारावं. जतच्या बाईला तिच्या तक्त्यात हुलगे सापडायला हवेत. सांगलीहून पुण्याला जाऊन येण्यात माझा दिवस मोडतो, आटपाडीच्या माणसाचा तर अजून जास्त. रक्त मिरजेत तपासता येतं, बोलणं फोनवर होऊ शकतं, मग दर खेपेला पुण्याला कशासाठी बोलावता? आणि विमा कंपन्यांबद्दल: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात नसलेल्या मधुमेहासारखा आजार, या अटीत मी बसले म्हणून माझी शस्त्रक्रिया विम्यात झाली. नंतरच्या तपासण्या, गोळ्या, पावडर आणि डाएटिशियनची फी मात्र माझ्या पॉलिसीत बसत नाही. कापायला पैसे आहेत, टिकवायला नाहीत.

हल्ली जो तो मला विचारतो, “आता ती वजन उतरवायची इंजेक्शनं आली आहेत, ती का नाही घेत?” २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे माउंजारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही. शस्त्रक्रियेनंतर वजन परत चढू लागलेल्या काहींना डॉक्टर ती देतातही, आणि गरज पडली तर मीही घेईन, त्यात मला कमीपणा वाटणार नाही. पण त्या इंजेक्शनांवरही वर्ष-दीड वर्षात वजन एका जागी येऊन थांबतं, आणि इंजेक्शन बंद केलं की गेलेल्यातलं बरंचसं परत येतं. तेव्हा त्यांच्यावरचा लेख आपण छापाल, आणि तो छापालच, त्यात हेही असू द्या.

माझं नाव कृपया छापू नये. मला लाज नाही, पण लेकीच्या सासरी अजून सांगितलेलं नाही आणि ते तिनेच सांगावं असं आमचं ठरलंय. शेवटची विनंती पान लावणाऱ्यांना. पत्र छापलंत तर त्याच्या शेजारी “एका महिन्यात दहा किलो, गॅरंटीसह” ही चौकट येऊ देऊ नका. त्या लेखाच्या खाली ती होती.

कळावे,
आपली नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)